दुकान आणि घर यांसाठी सीसीटीव्ही: तीन यंत्रणांचे परीक्षण

सांगलीच्या जुन्या पेठांत खाली दुकान आणि वर घर अशा इमारती अजून पुष्कळ आहेत. सीसीटीव्ही निवडण्याच्या दृष्टीने हा सर्वांत अवघड प्रकार, कारण दुकानाच्या गरजा वेगळ्या, घराच्या वेगळ्या आणि पैसे मात्र एकाच गल्ल्यातून जायचे असतात. आमचे किराणा-भुसार मालाचे दुकान अशाच एका इमारतीत आहे. रस्त्याकडचे शटर, आतला गल्ला, मागच्या बोळात उघडणारे गोदामाचे दार आणि बाजूने घराकडे चढणारा जिना, एवढ्या जागा नजरेखाली ठेवायच्या होत्या. त्यासाठी बाजारात आज मिळणाऱ्या तीन प्रकारच्या यंत्रणा आम्ही स्वतः वापरून किंवा शेजारच्या दुकानांत जवळून पाहून तपासल्या: मेमरी कार्डावर चालणारे सुटे वायफाय कॅमेरे, कोॲक्स केबलवरचे (टीव्हीच्या केबलसारख्या गोल तारेवरचे) एचडी कॅमेरे व त्यांचे चित्रण साठवणारा रेकॉर्डर म्हणजे डीव्हीआर, आणि नेटवर्क केबलवरचे आयपी कॅमेरे व त्यांचा रेकॉर्डर म्हणजे एनव्हीआर. आमचे मत आधीच नोंदवतो. नव्याने केबल टाकायची असेल तर आयपी यंत्रणा घ्यावी, जुनी कोॲक्स केबल भिंतीत शाबूत असेल तर तिच्यावरच चांगला डीव्हीआर लावावा, आणि वायफाय कॅमेरा घराच्या आतल्या भागापुरता ठेवावा. मात्र या तिन्हींपैकी काहीही घेतले तरी यश ठरते ते लेन्स, रेकॉर्डर आणि बसवण्याचे काम यांवर. खोक्यावर ठळक छापलेल्या मेगापिक्सेलच्या आकड्याला आपण या तिघांपेक्षा जास्त मान देतो, हे आमचे मुख्य गाऱ्हाणे आहे.

लेन्सपासून सुरुवात करणे योग्य, कारण दुकानदाराला याबद्दल कोणी सांगत नाही. २ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे चित्र १९२० ठिपके रुंद आणि १०८० ठिपके उंच असते. सुरक्षा कॅमेऱ्यांसाठीच्या युरोपीय मानकानुसार अनोळखी माणसाचा चेहरा निःसंशय ओळखता यावा यासाठी दृश्याच्या दर मीटर रुंदीला सुमारे २५० ठिपके लागतात, ओळखीचा माणूस ओळखण्यास १२५ पुरतात, आणि कोणीतरी आले एवढेच कळण्यास २५ चालतात. म्हणजे २ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यासमोर साडेसात मीटरपेक्षा रुंद दृश्य असेल, तर त्यातील परक्या माणसाचा चेहरा ओळखण्याची खात्री उरत नाही. आता बसवणारे जी लेन्स सरसकट लावतात ती २.८ मिलिमीटरची असते, आणि तिचा कोन शंभर अंशांच्या आसपास भरतो. या लेन्समधून दृश्य इतके झपाट्याने रुंदावते की कॅमेऱ्यापासून तीन मीटरच्या पुढे गेलेला चेहरा या मापात बसत नाही. ३.६ मिलिमीटरच्या लेन्सने हे अंतर चार मीटरपर्यंत आणि ६ मिलिमीटरच्या लेन्सने आठ मीटरच्या जवळपास जाते. सेन्सरच्या आकारानुसार हे आकडे थोडे पुढेमागे होतात, परंतु त्यांचा अर्थ बदलत नाही. २.८ मिलिमीटरची लेन्स तशीच ठेवून २ ऐवजी ४ मेगापिक्सेलचा कॅमेरा घेतला, तर ओळखीचे अंतर तीनवरून सुमारे चार मीटरवर जाते. तोच २ मेगापिक्सेलचा कॅमेरा ६ मिलिमीटरच्या लेन्ससह घेतला तर ते दुपटीहून अधिक होते, आणि किमतीत जवळपास काहीच फरक पडत नाही.

अर्थात ६ मिलिमीटरची लेन्स दृश्य अरुंद करते, म्हणून ती सगळीकडे लावायची नसते. आमच्या दुकानात गल्ल्यावरचा कॅमेरा गल्ल्यापासून अडीच मीटरवर आहे, तेथे २.८ मिलिमीटर योग्यच आहे, कारण नोटा मोजणारे हात, गिऱ्हाईक आणि तराजू हे सर्व एका चित्रात यावे लागते. गोदामाच्या दाराकडे पाहणारा कॅमेरा मात्र बोळाच्या दुसऱ्या टोकाला आहे, आणि तेथे ६ मिलिमीटरची लेन्स मागितल्यावर दोन विक्रेत्यांनी ‘एवढे कशाला, २.८ मध्ये सगळे दिसते’ असे उत्तर दिले. सगळे दिसते हे खरे आहे. ओळखू काही येत नाही. लेन्सचे माप दरपत्रकात प्रत्येक कॅमेऱ्यापुढे लिहून मागावे, आणि ते लिहून देण्यास जो कुरकुर करतो त्याच्याकडून पुढील काम घेऊ नये, असे आम्ही ठरवले व ते उपयोगी पडले.

उंचीचेही तसेच आहे. कॅमेरा कोणाच्या हाताला लागू नये म्हणून तो पहिल्या मजल्याच्या सज्जाखाली टांगण्याची प्रथा आहे, आणि तेथून टोप्या, टकले आणि हेल्मेटे यांचेच उत्तम चित्रण होते. अडीच ते तीन मीटर उंची पुरेशी असते. मोडतोडीची भीती असल्यास जाड कवचाचा डोम कॅमेरा घ्यावा, पण उंची वाढवू नये. दुकानाच्या आतून शटरकडे पाहणाऱ्या कॅमेऱ्याची अडचण आणखी निराळी: सकाळी बाहेरचे ऊन इतके प्रखर असते की आत येणारा प्रत्येक जण काळी आकृती म्हणून दिसतो. यासाठी डब्ल्यूडीआर ही सोय लागते, आणि ती दोन प्रकारची असते. माहितीपत्रकात ‘१२० डीबी’ असा आकडा दिलेला असल्यास तो कॅमेरा कमी आणि जास्त उजेडाची दोन चित्रे खरोखर जोडतो. नुसते ‘डिजिटल डब्ल्यूडीआर’ लिहिलेले असल्यास तो एकाच चित्राचा काळा भाग थोडा उजळ करून दाखवतो. पूर्वाभिमुख किंवा पश्चिमाभिमुख दुकान असणाऱ्यांनी या एका आकड्यासाठी थोडे जास्त पैसे अवश्य मोजावेत.

आता प्रत्यक्ष यंत्रणांकडे वळू. वायफाय कॅमेऱ्यांपैकी टीपी-लिंकचा टॅपो सी२०० आम्ही वरच्या मजल्यावर, वयस्कर आईच्या खोलीबाहेरच्या दिवाणखान्यात, ठेवला आहे. दोन-अडीच हजार रुपयांच्या घरात मिळणाऱ्या या कॅमेऱ्याचे चित्र १०८०पी, म्हणजे २ मेगापिक्सेलचे, आहे, तो मोबाइलवरून डावी-उजवीकडे व वर-खाली फिरवता येतो, त्याच्यातून दोन्ही बाजूंनी बोलता येते, आणि बसवण्यास कोणाला बोलवावे लागत नाही. हिरो समूहाचे क्यूबो कॅमेरेही याच वर्गातील आहेत. या कामासाठी त्यांना आम्ही मनापासून चांगले म्हणू. दुकानासाठी मात्र त्यांचा विचार करू नये, आणि त्याची कारणे कोण्या एका कंपनीची नसून या प्रकाराचीच आहेत. चित्रण कॅमेऱ्याच्या आतील कार्डावर साठते, म्हणून चोराने कॅमेरा उपटून नेला की पुरावाही त्याच्याबरोबर जातो. असे बहुतेक कॅमेरे २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवरच चालतात, आणि पेठेतील दाटीवाटीत त्या पट्ट्यावर शेजारच्या वीस घरांचे राउटर ओरडत असतात. शिवाय फिरणारा कॅमेरा ही दुकानात सोयीपेक्षा गैरसोय ठरते, कारण कोणी तरी तो हौसेने भिंतीकडे वळवून ठेवतो आणि पुढचे कित्येक दिवस भिंतीचे चित्रण होत राहते. साधे मेमरी कार्ड सतत लिहून-पुसून लवकर मरते, त्यामुळे या कॅमेऱ्यांत ‘हाय एन्ड्युरन्स’ जातीचे कार्डच घालावे. क्लाउडवर साठवण्याची सोय बहुतेक कंपन्या देतात, परंतु तिचे वर्गणीचे पैसे दोन-तीन वर्षांत कॅमेऱ्याच्या किमतीला गाठू शकतात.

कोॲक्स केबलवरची यंत्रणा ही आपल्याकडच्या दुकानांची नित्याची निवड आहे, आणि ती टाकाऊ मुळीच नाही. चार कॅमेरे, डीव्हीआर, हार्डडिस्क, केबल व मजुरी धरून आमच्या भागात वीस हजारांच्या आत-बाहेर काम होते. दुरुस्ती करणारा गल्लोगल्ली मिळतो. चित्र मोबाइलवर पाहता येते. आणि इंटरनेट बंद पडले तरी चित्रण थांबत नाही. या यंत्रणेत फसगत होते ती तीन ठिकाणी. पहिले ठिकाण डीव्हीआरमध्ये आहे. स्वस्त डीव्हीआर पडद्यावर १०८०पी दाखवतो, पण साठवताना ‘१०८०एन’ किंवा ‘१०८०पी लाइट’ या पद्धतीने साठवतो, ज्यात चित्राची रुंदी निम्मी होऊन ९६० ठिपके उरतात. वर मांडलेला लेन्सचा सर्व हिशेब त्याबरोबर निम्म्यावर येतो. डीव्हीआरच्या माहितीपत्रकात ‘रेकॉर्डिंग रेझोल्यूशन’ हा रकाना काढून पाहावा आणि तेथे पूर्ण १०८०पी, तेही दर सेकंदाला किमान पंधरा चित्रांसह, लिहिलेले आहे की नाही हे तपासावे. विक्रेते हा मुद्दा आपणहून काढत नाहीत, आणि पुष्कळांना तो माहीतही नसतो.

दुसरे ठिकाण केबल. बाजारात जिला ‘थ्री प्लस वन’ म्हणतात त्या केबलमध्ये चित्राची एक कोॲक्स तार आणि विजेसाठी तीन बारीक तारा असतात. या तारा तांब्याच्या नसून तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या असल्या, आणि कॅमेरा पन्नास-साठ मीटरवर असला, तर १२ व्होल्टचा पुरवठा तेथे पोहोचेपर्यंत बराच खाली येतो. दिवसा याचा पत्ता लागत नाही. रात्री अंधार पडून कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागले की विजेची ओढ वाढते, व्होल्टेज आणखी पडते आणि कॅमेरा बंद होऊन पुन्हा सुरू होत राहतो. गोदामाच्या दारावर आमच्या जुन्या कॅमेऱ्याचे नेमके हेच होत असे, आणि बसवणाऱ्याने कॅमेरा बदलून दिला तरी ते थांबले नाही, कारण दोष केबलचा होता. केबल टाकण्यापूर्वी तिचे टोक चाकूने खरवडावे. आत पांढरट चमक दिसली तर ते तांबे नाही. तिसरे ठिकाण जोडण्या. कोॲक्स केबलच्या टोकाची बीएनसी जोडणी प्लॅस्टिकच्या जंक्शन बॉक्सात बंद न करता भिंतीवर लोंबती सोडली की दोन पावसाळ्यांत ती हिरवी पडते आणि चित्रावर आडव्या रेघा धावू लागतात.

आयपी यंत्रणेत एकाच नेटवर्क केबलमधून चित्रही जाते आणि वीजही जाते. याला पीओई म्हणतात. त्याच्या मूळ मानकानुसार स्विचच्या (सगळ्या केबल जेथे जोडतात त्या पेटीच्या) एका तोंडातून १५.४ वॉटपर्यंत वीज देता येते, आणि घरगुती कॅमेऱ्याला ती भरपूर होते. पुरवठा ४८ व्होल्टच्या आसपास असल्याने वर सांगितलेली व्होल्टेज पडण्याची तक्रार फारशी उरत नाही. केबलची लांबी शंभर मीटरच्या आत ठेवावी लागते, आणि मुलाम्याची केबल येथेही टाळावीच लागते. किंमत कोॲक्सच्या दीडपट ते दुप्पट होते, हे खरे. त्या बदल्यात कॅमेरा स्वतःच चित्र डिजिटल करून पाठवतो, त्यामुळे ४ मेगापिक्सेलचे चित्र रेकॉर्डरमध्येही ४ मेगापिक्सेलचेच राहते. ऑनव्हिफ हे सामाईक मानक पाळणारा कॅमेरा घेतला असल्यास पुढे एका कंपनीच्या एनव्हीआरवर दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा जोडता येतो. आणि उद्या घराच्या गच्चीवर पाचवा कॅमेरा लावायचा झाला तर वरच्या मजल्यावरील छोट्या पीओई स्विचपासूनच केबल काढता येते, खालपर्यंत नवी केबल ओढावी लागत नाही. आम्ही शेवटी हीच यंत्रणा घेतली, शटर व गोदाम येथे ४ मेगापिक्सेलचे आणि गल्ला व जिना येथे २ मेगापिक्सेलचे कॅमेरे लावून. सगळीकडे एकच मोठा आकडा लावण्याची गरज नसते. जिन्यावर तीन मीटरच्या पुढे काही घडतच नाही.

रात्रीच्या रंगीत चित्राची सध्या फार जाहिरात होते. अशा कॅमेऱ्यांत पांढऱ्या-पिवळ्या उजेडाचे दिवे असतात आणि ते रात्रभर जळतात, म्हणून शटरवर ते चांगले, कारण उजेडानेच निम्मे काम होते आणि शर्टाचा रंगही कळतो. जिन्यात तो दिवा डोळ्यांना त्रास देतो व कीटक बोलावतो. तेथे साधे इन्फ्रारेड पुरे. कॅमेरा पांढऱ्या भिंतीच्या किंवा सज्जाच्या अगदी कडेला असेल तर इन्फ्रारेडचा उजेड तिच्यावरून परतून चित्र दुधाळ होते, एवढे बसवताना पाहून घ्यावे. आणि चित्रात वाहनाचा क्रमांक रात्री वाचता येईल ही अपेक्षा साध्या कॅमेऱ्याकडून ठेवू नये, कारण हेडलाइटच्या झोतात पाटीची जागा पांढरी होऊन जाते. त्यासाठी वेगळ्या मांडणीचा कॅमेरा लागतो आणि दुकानदाराला त्याचा खर्च क्वचितच परवडतो.

साठवणीबद्दल बाजारात सर्रास जे सांगितले जाते ते तपासून घेण्यासारखे आहे. ‘एक टीबीत महिनाभराचे रेकॉर्डिंग राहते’ असे आम्हालाही सांगण्यात आले. चित्रण दाबून साठवण्याच्या एच.२६५ पद्धतीने २ मेगापिक्सेलचे बऱ्यापैकी चित्र ठेवायचे तर दर सेकंदाला सुमारे २ मेगाबिट लागतात. त्या हिशेबाने एका कॅमेऱ्याचे दिवसाला २१.६ गिगाबाइट, चार कॅमेऱ्यांचे ८६ गिगाबाइट होतात, आणि १ टीबीची डिस्क अकरा दिवसांत भरते. महिना हवा असेल तर एक तर ३ टीबीच्या आसपास जागा हवी, नाही तर चित्र इतके दाबावे लागते की चालता माणूस पुसट होतो, किंवा हालचाल झाल्यावरच चित्रण करण्याची सोय वापरावी लागते. दुकान बंद असताना ही शेवटची सोय उत्तम चालते. भुसार मालाच्या दुकानात तूट किंवा वाद उघडकीस यायला मोजदाद होईपर्यंतचा काळ जातो, म्हणून आम्ही ४ टीबीची डिस्क घेतली आणि तिच्यावर केलेला खर्च कॅमेऱ्यांवरील खर्चापेक्षा महत्त्वाचा मानतो. डिस्क संगणकाची नसावी. डब्ल्यूडी पर्पल किंवा सीगेट स्कायहॉक या मालिका चोवीस तास लिहिण्यासाठीच बनवलेल्या आहेत. डिस्क बिघडल्यावर डीव्हीआर बीप देतो, पण तो आवाज नको म्हणून बसवणारे तो सेटिंगमधून बंद करून जातात. आमच्या जुन्या यंत्रणेत असेच झाले होते: पडद्यावर चारही चित्रे रोज दिसत होती, आणि डिस्कवर कित्येक महिने एक अक्षरही लिहिले जात नव्हते. आता दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मागच्या पंधरवड्यातील कोणतीही एक वेळ काढून पाहण्याचा नेम ठेवला आहे.

रेकॉर्डर कोठे ठेवायचा, हा प्रश्न सांगलीत तरी गल्ल्याखालच्या कप्प्यावर संपत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेची पातळी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेली, तेव्हा तळमजल्यावरील दुकानांत ठेवलेले रेकॉर्डर मालासह पाण्यात गेले. चोरालाही गल्ल्याशेजारचा रेकॉर्डर प्रथम सापडतो. आमचा एनव्हीआर आता वरच्या मजल्यावर, घरातल्या कुलूपबंद कपाटात, हवा खेळेल अशा जागी आहे, आणि तो, पीओई स्विच व राउटर असे तिन्ही घरच्या इन्व्हर्टरवर जोडले आहेत. चार कॅमेऱ्यांसह हा सारा भार एका पंख्याएवढाच आहे. यातील राउटर विसरला जातो, आणि मग वीज गेल्यावर मोबाइलवर काही दिसत नाही म्हणून यंत्रणाच बंद पडली असा गैरसमज होतो.

कंपनी कोणती, हा प्रश्न सगळे सर्वांत आधी विचारतात. आम्ही तो मुद्दाम येथे ठेवला आहे. या क्षेत्रात गेल्या काही वर्षांत पुष्कळ उलथापालथ झाली. २०१६ मध्ये मिराय नावाच्या घातक प्रोग्रामने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले आणि त्यांच्याकरवी मोठमोठी संकेतस्थळे बंद पाडली. सप्टेंबर २०२१ मध्ये हाइकव्हिजनच्या अनेक कॅमेऱ्यांत पासवर्डाशिवाय आत शिरता येणारी गंभीर त्रुटी जाहीर झाली आणि कंपनीने तिच्यावरील सुधारित फर्मवेअर (उपकरणाच्या आतील प्रोग्राम) दिले. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने हाइकव्हिजन आणि दाहुआ यांच्या नव्या उपकरणांना मान्यता देणे थांबवले. भारत सरकारने ९ एप्रिल २०२४ रोजी सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सायबर सुरक्षेच्या आवश्यक अटी अधिसूचित केल्या, आणि मुदतवाढीनंतर त्या ९ एप्रिल २०२५ पासून लागू झाल्या. म्हणून आज नवा कॅमेरा घेताना, तो सीपी प्लसचा असो, मॅट्रिक्सचा असो की आणखी कोणाचा, एसटीक्यूसी या सरकारी तपासणी संस्थेच्या कसोटीला उतरलेला तो नेमका मॉडेल क्रमांक बिलावर लिहून घ्यावा. कंपनीचे नाव मान्यताप्राप्त यादीत असणे पुरेसे नाही, कारण मान्यता मॉडेलला मिळते. आणि जुना साठा कमी दरात खपवण्याचे प्रयत्न बाजारात चालूच आहेत.

प्रमाणपत्राने पासवर्ड मात्र आपोआप चांगला होत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटमधील एका प्रसूती रुग्णालयातील तपासणी खोलीचे चित्रण इंटरनेटवर विकले गेल्याचे उघड झाले, आणि तपासात महाराष्ट्रातूनही अटका झाल्या. तेथे दुबळा, सहज ओळखता येणारा पासवर्ड चालू होता, असे त्या वेळी वृत्तपत्रांत आले. बसवणारा आपल्या सोयीसाठी सगळ्या गिऱ्हाइकांकडे एकच पासवर्ड ठेवतो आणि तो त्याच्या पोऱ्यालाही पाठ असतो, ही गोष्ट आपल्या शहरांतही नवी नाही. काम संपताच त्याच्यासमोर ॲडमिनचा पासवर्ड बदलावा, त्याच्यासाठी मर्यादित अधिकारांचे वेगळे खाते काढावे, आणि मोबाइल ॲपमध्ये उपकरण मालकाच्या नावावर आहे की बसवणाऱ्याच्या, हे पाहावे. ते त्याच्या नावावर असल्यास त्याचे दुकान बंद झाल्यावर आपले कॅमेरे आपल्यालाच दिसेनासे होतात.

पोलिसांत तक्रार देण्याची वेळ आली तर चित्र स्पष्ट असण्याएवढेच त्याचे कागद नीट असणे महत्त्वाचे ठरते, आणि या बाबतीत महाराष्ट्रातीलच एक खटला मार्गदर्शक आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर घेतला गेला की नाही, हा वाद निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील व्हिडिओ चित्रणावर येऊन ठेपला होता. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये सांगितले की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुराव्यात देताना कायद्याने ठरवलेले प्रमाणपत्र आवश्यक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ६३ साठी या प्रमाणपत्राचा नमुनाच अनुसूचीत दिला आहे. त्याचा एक भाग उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याने व दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो, आणि फाइलचे हॅश मूल्य (फाइलमध्ये फेरफार झाला नाही हे पडताळण्याचा आकडा) त्यात नोंदवायचे असते. त्यामुळे पडद्याचे मोबाइलने केलेले चित्रण पोलिसांना व्हॉट्सॲपवर पाठवून काम संपले असे समजू नये. फाइल रेकॉर्डरमधूनच पेनड्राइव्हवर काढावी. काही रेकॉर्डर स्वतःच्या खास स्वरूपातील फाइल देतात आणि ती साध्या प्लेअरवर उघडत नाही, म्हणून एमपी४ मध्ये काढण्याची सोय आहे का, हे खरेदीपूर्वीच करून दाखवण्यास सांगावे. रेकॉर्डरचे घड्याळ इंटरनेटवरून आपोआप जुळवून घेण्याची सेटिंग चालू ठेवावी. ती बंद असली की घड्याळ हळूहळू सरकते, आणि चित्रातील वेळ व फोनच्या नोंदीतील वेळ यांत दहा मिनिटांचे अंतर निघाल्यास समोरचा वकील तेथेच बोट ठेवतो.

शेजाऱ्यांचा मुद्दा छोटा वाटतो, पण पेठेत कॅमेरा लागला की पहिली तक्रार तेथूनच येते. बोळातील कॅमेऱ्यात समोरच्या घराची खिडकी येत असल्यास रेकॉर्डरमधील प्रायव्हसी मास्कने तो भाग काळा करता येतो, आणि तसे केल्याचे शेजाऱ्याला पडद्यावर दाखवलेले बरे. एकत्र राहणाऱ्या भावांच्या घरांत तर आणखी जपावे लागते: राहत्या भागात सहनिवाशाच्या संमतीशिवाय कॅमेरे चालवण्यास कलकत्ता उच्च न्यायालयाने मनाई केली, आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. दुकानात नोकरांना कॅमेऱ्यांची पूर्वकल्पना असावी आणि दर्शनी भागावर तशी पाटी असावी. कॅमेऱ्यात माइक असल्यास तो गल्ल्यावर बंद ठेवावा असे आमचे मत आहे. गिऱ्हाइकाच्या उधारीचे बोलणे साठवून ठेवण्याचे काही कारण नाही.

राहता राहिला देखभालीचा करार. आपल्या हवेत कॅमेऱ्याचा खरा शत्रू चोर नसून कोळी असतो: इन्फ्रारेड दिव्यांभोवती किडे जमतात, त्यांच्यासाठी कोळी भिंगासमोर जाळे विणतो, आणि रात्री तेच जाळे पांढऱ्या दोऱ्यांसारखे चमकून हालचालीच्या खोट्या सूचना देत राहते. हळदीची, मिरचीची धूळ उडणाऱ्या बाजारपेठेत भिंग महिन्याभरात मळते. बहुतेक वार्षिक करारांत ‘वर्षातून चार भेटी’ एवढेच लिहिलेले असते आणि भेटीत काय करायचे ते नसते. आमच्या करारात आम्ही ते लिहून घेतले: भिंगे पुसणे, जंक्शन बॉक्स उघडून जोडण्या पाहणे, डिस्कची प्रकृती तपासून तिचा अहवाल देणे, फर्मवेअर अद्ययावत करणे आणि मागील कोणत्याही तारखेची फाइल पेनड्राइव्हवर काढून दाखवणे. पहिल्या विक्रेत्याने यातील शेवटच्या दोन कामांस नकार दिला. दुसऱ्याने वर्षाला थोडे जास्त पैसे मागून होकार दिला, आणि काम त्याला दिले.